फॉरमॅट करण्याआधी

माननीय संपादक महोदय,
स. न. वि. वि.

इंदूर आणि आसपासच्या सायबर फसवणुकीच्या बातम्या आपल्या अंकात नेहमी येतात. किती रक्कम गेली, गुन्हा कुठे नोंदला, इथवर बातमी असते. वाचणाऱ्याला मात्र एवढेच हवे असते की माझ्या घरच्या संगणकात कोणी शिरल्याचा संशय आला तर पहिल्या तासात मी काय करू? आपल्याकडच्या कितीतरी मराठी घरांत आता आईवडीलच राहतात, मुले पुण्याला, बंगळुरूला किंवा परदेशी. पेन्शन, मुदतठेवी, आयकराचे विवरणपत्र, सगळे एकाच जुन्या संगणकावर चालते. संशय आला की कोणीतरी सांगतो, ‘फॉरमॅट मारून टाका’, आणि सीपीयू उचलून जेल रोडवरचे दुरुस्तीचे दुकान गाठले जाते. फॉरमॅट कधीकधी करावाच लागतो, पण तो शेवटी. आधी केला तर शिरकावाच्या खुणा पुसल्या जातात, आणि ज्या ईमेल खात्यात चोर बसला आहे ते खाते तसेच त्याच्या हाती राहते. आधी खाती, मग पुरावा, मग यंत्र असा क्रम लागतो. तो तपशिलाने लिहीत आहे.

पहिली गोष्ट म्हणजे भीती वाटते त्यातले बरेचसे हॅकिंग नसते. पडद्याच्या उजव्या खालच्या कोपऱ्यातून ‘तुमच्या संगणकात पाच व्हायरस सापडले’ अशी पट्टी पुन्हा पुन्हा वर येत असेल तर ती बहुधा ब्राउझरची नोटिफिकेशन असते. कधीतरी एखाद्या साइटने ‘तुम्ही रोबोट नाही हे दाखवण्यासाठी अलाउ दाबा’ म्हटले आणि आपण दाबले, एवढेच घडलेले असते. क्रोममध्ये सेटिंग्ज, प्रायव्हसी अँड सिक्युरिटी, साइट सेटिंग्ज, नोटिफिकेशन्स या वाटेने जा आणि परवानगी दिलेल्या यादीतली अनोळखी नावे काढून टाका. पट्ट्या थांबतात.

दुसरा प्रकार जास्त घाबरवणारा. अख्खा पडदा लाल किंवा निळा होतो, भोंगा वाजतो, मायक्रोसॉफ्टच्या नावाने फोन नंबर येतो. मायक्रोसॉफ्टच्या खऱ्या त्रुटीसंदेशात फोन नंबर कधीच नसतो, त्यामुळे नंबर दिसला की तो देखावा आहे हे तिथेच ठरले. एस्केपची कळ काही क्षण दाबून धरा. पडदा मोकळा झाला नाही तर कंट्रोल, शिफ्ट आणि एस्केप एकत्र दाबून टास्क मॅनेजर उघडा आणि ब्राउझर बंद करा. पुन्हा उघडताना ‘रिस्टोअर पेजेस’ विचारले तर नाही म्हणा. त्या नंबरवर फोन केला तर पलीकडचा माणूस इव्हेंट व्ह्यूअर (विंडोजची नोंदवही) उघडायला लावतो आणि तिथली लाल-पिवळी चिन्हे दाखवून ‘पहा, किती हल्ले झालेत’ म्हणतो. ती चिन्हे ठणठणीत संगणकातही शेकड्याने असतात. प्रिंटर बंद असला तरी तिथे नोंद होते.

तिसरा प्रकार धमकीच्या मेलचा. ‘मी तुमच्या कॅमेऱ्यातून चित्रण केले आहे, बिटकॉइन पाठवा’, आणि खाली तुमचा खराखुरा जुना पासवर्ड. मेल तुमच्याच पत्त्यावरून आल्यासारखी दिसते. पाठवणाऱ्याच्या रकान्यात कोणताही पत्ता लिहिता येतो आणि जुने पासवर्ड वेगवेगळ्या कंपन्यांच्या फुटलेल्या याद्यांतून मिळतात. उत्तर देऊ नका, पैसे पाठवू नका. तो पासवर्ड अजून कुठे वापरात असेल तर मात्र त्याच दिवशी बदला. हॅव्ह आय बीन पॉन्ड या मोफत साइटवर, ती २०१३ पासून चालू आहे, आपला ईमेल पत्ता टाकला की तो कोणकोणत्या गळतीत आला आहे ते कळते.

आता अँटीव्हायरस किंवा राउटरच्या (घरात इंटरनेट वाटणाऱ्या पेटीच्या) नोंदीत दिसणारे ‘हल्ला अडवला’. इंटरनेटवर यंत्रांना आकड्यांचे पत्ते (आयपी पत्ते) असतात; जुन्या पद्धतीचे असे एकूण पत्ते सुमारे ४३० कोटी. मिशिगन विद्यापीठातल्या संशोधकांनी २०१३ मध्ये झेडमॅप नावाचे साधन काढून दाखवले की वेगवान जोडणी असलेला एक साधा संगणक हे सगळे पत्ते ४५ मिनिटांच्या आत चाचपडू शकतो. म्हणजे जगातले प्रत्येक दार दिवसरात्र कोणीतरी हलवून पाहत असतेच, त्यात तुमच्यावर कोणाचा खास राग नाही. बाहेरून आलेली आणि अडवलेली नोंद म्हणजे दार बंद आहे याची खूण. ती सोडून द्यावी.

पण इथेच एक गोष्ट बारकाईने पाहायची असते: हल्ला करणारा पत्ता कोणता. तो १९२.१६८ ने किंवा १० ने सुरू होत असेल तर तो साधारणपणे बाहेरचा नसून तुमच्याच घरातल्या जाळ्यातला (नेटवर्कमधला) असतो. म्हणजे घरातलेच दुसरे एखादे यंत्र बाधित झाले असण्याची शक्यता आहे: नातवाचा लॅपटॉप, स्वस्तातली टीव्ही पेटी, सीसीटीव्हीचा डीव्हीआर (चित्रण साठवणारी पेटी). राउटरच्या पानावर जोडलेल्या उपकरणांची यादी असते. तिथे तो पत्ता शोधा आणि त्या यंत्राची वायर काढा. नोंद थांबली तर दोषी सापडला. २०१६ मध्ये मिराय नावाच्या प्रोग्रॅमने जगभरचे लाखो कॅमेरे आणि राउटर ताब्यात घेतले ते कारखान्यातून आलेले साठेक नाव-पासवर्ड एकामागून एक टाकून पाहत. कोणतीही हुशारी लागली नव्हती. डीव्हीआर बसवणारा जो पासवर्ड ठेवून जातो तो आपण बदलत नाही, म्हणून ही वाट अजून उघडी आहे.

खरी लक्षणे वेगळी असतात. आपण मागितला नसताना ओटीपी येणे: याचा अर्थ पासवर्ड कोणाच्या तरी हाती लागला असू शकतो आणि फक्त ओटीपीने त्याला अडवले असू शकते. ‘नवीन उपकरणावरून प्रवेश’ अशी गुगलची सूचना. ईमेलच्या ‘सेंट’मध्ये आपण न लिहिलेली पत्रे. विंडोज सिक्युरिटी (विंडोजची स्वतःची सुरक्षाव्यवस्था) आपोआप बंद पडणे आणि घरच्या संगणकावर ‘ही सेटिंग तुमची संस्था सांभाळते’ असे वाक्य दिसणे. आपण न बसवलेले एनीडेस्क किंवा टीमव्ह्यूअर (दुरून संगणक चालवण्याचे प्रोग्रॅम). संगणक मंद होणे किंवा पंखा जोरात फिरणे हे एकट्याने लक्षण नव्हे. माऊसचा बाण थरथरत असेल तर आधी माऊस उचलून खालचा भाग पुसा, वायरलेस असेल तर सेल बदला. बाण ठरवून मेन्यू उघडत असेल, अक्षरे टाइप होत असतील, तर मात्र कोणीतरी आत आहे.

असे समोर घडत असेल तर संगणकाशी झटापट करू नका, सरळ राउटरचे बटण बंद करा. लॅनची वायर काढली आणि वाय-फाय तसेच राहिले असे घाईत होते, म्हणून राउटरच बंद केलेला बरा. फोनचा हॉटस्पॉट जोडलेला असेल तर तोही. संगणक चालूच ठेवा, कारण चालू प्रोग्रॅमची माहिती मेमरीत असते आणि बंद केल्यावर ती जाते. मोबाईलने पडद्याचे फोटो घ्या, कोपऱ्यातले घड्याळ त्यात येऊ द्या. याला एक अपवाद आहे. फायलींची नावे डोळ्यांदेखत बदलत असतील, शेवटी विचित्र अक्षरे जोडली जात असतील, तर ते खंडणीवाले रॅन्समवेअर आहे. बॅकअपची बाहेरची डिस्क लावलेली असेल तर ती क्षणात उपटा, आणि जाळे तोडूनही काम थांबत नसेल तर पॉवरचे बटण दाबून धरून संगणक बंद करा. तिथे पुराव्यापेक्षा उरलेल्या फायली मोलाच्या.

आता खाती, आणि हा भाग घाईत उरकू नये. पासवर्ड त्या संगणकावरून बदलायचे नाहीत. कळांची नोंद करणारा प्रोग्रॅम आत असेल तर नवा पासवर्डही त्याला मिळतो. मोबाईलवरून, मोबाईलच्या डेटावर, किंवा शेजाऱ्याच्या स्वच्छ संगणकावरून बदला. सुरुवात बँकेपासून नव्हे, ईमेलपासून. बहुतेक खात्यांचा ‘पासवर्ड विसरलो’चा दुवा ईमेलवर येतो, म्हणून ईमेल ज्याच्या हाती त्याच्यासाठी बाकीचे सोपे.

नुसता पासवर्ड बदलून भागत नाही, कारण हल्लीचे चोरटे प्रोग्रॅम ब्राउझरमधल्या कुकी उचलतात. आपण एकदा लॉगिन केले की साइट ब्राउझरला एक ओळखचिठ्ठी देते, आणि ती ज्याच्याकडे असेल त्याला पासवर्ड किंवा ओटीपी पुन्हा विचारला जात नाही. म्हणून गुगल खात्याच्या सिक्युरिटी पानावर ‘युवर डिव्हाइसेस’ उघडून अनोळखी उपकरणे साइन आउट करा. पासवर्ड बदलल्यावर बहुतेक उपकरणे आपोआप बाहेर पडतात, पण परवानगी दिलेली तिऱ्हाईत अ‍ॅप्स टिकून राहू शकतात. तीही यादी त्याच पानावर आहे. मग रिकव्हरीचा फोन आणि ईमेल पाहा: घुसखोर बरेचदा तिथे आपला नंबर टाकून ठेवतो आणि आठवड्याने निवांत परत येतो.

यानंतरची तपासणी फारच थोडे लोक करतात. जीमेल दुसऱ्या, स्वच्छ संगणकाच्या ब्राउझरमध्ये उघडून सगळ्या सेटिंग्जमध्ये जा आणि दोन टॅब पाहा, ‘फिल्टर्स’ आणि ‘फॉरवर्डिंग’. घुसखोर असा फिल्टर लावून जातो की बँकेच्या नावाची प्रत्येक मेल सरळ कचऱ्यात जावी, किंवा तिची प्रत त्याच्या पत्त्यावर जावी. पासवर्ड दहा वेळा बदलला तरी तो फिल्टर काम करत राहतो. पैसे गेल्याची सूचना आपल्याला दिसत नाही आणि आपण म्हणतो, बँकेने कळवलेच नाही. शेवटी दोन टप्प्यांची पडताळणी चालू करा, जमल्यास मोबाईलवर दर वेळी नवा कोड दाखवणाऱ्या ऑथेंटिकेटर अ‍ॅपने. गुगल दहा बॅकअप कोड देते, ते छापून पासबुकासोबत ठेवा. संगणकात फाइल करून ठेवू नका.

मग बँक, मग बाकी. व्हॉट्सअ‍ॅपमध्ये ‘लिंक्ड डिव्हाइसेस’ पाहून अनोळखी काढा. ब्राउझरमध्ये साठवलेला प्रत्येक पासवर्ड गेला असे समजून चाला. आधार-पॅनच्या स्कॅन प्रती डेस्कटॉपवर असतील तर यूआयडीएआयच्या (आधार देणाऱ्या प्राधिकरणाच्या) साइटवरून आधारचे बायोमेट्रिक लॉक करा आणि पुढच्या महिन्यांत आपला क्रेडिट अहवाल काढून पाहा. प्रत्येक क्रेडिट कंपनीकडून तो वर्षातून एकदा मोफत मिळतो.

पैसे गेले असतील तर हे सगळे थांबवून आधी १९३० या सायबर फसवणुकीच्या हेल्पलाइनवर फोन. रक्कम पुढच्या खात्यातून बाहेर पडण्याआधी गोठवणे हा या हेल्पलाइनचा उद्देश आहे, म्हणून तास नव्हे, मिनिटे मोजावी लागतात. फोन करताना खाते क्रमांक, व्यवहाराची वेळ, रक्कम आणि व्यवहार क्रमांक समोर ठेवा. यूपीआयचा क्रमांक १२ अंकी असतो. तक्रारीचा पोचक्रमांक लिहून घ्या. त्यासोबत बँकेलाही लेखी कळवा, कारण रिझर्व्ह बँकेच्या ६ जुलै २०१७ च्या परिपत्रकाने घालून दिलेल्या नियमांत मुदतीला फार महत्त्व आहे. चूक ना बँकेची ना ग्राहकाची, आणि बँकेकडून सूचना मिळाल्यापासून तीन कामकाजाच्या दिवसांत कळवले, तर ग्राहकाची जबाबदारी शून्य. चार ते सात कामकाजाच्या दिवसांत कळवले तर साध्या बचत खात्यासाठी जास्तीत जास्त १०,००० रुपये. ग्राहकाने स्वतःच ओटीपी किंवा पासवर्ड दिला असेल तर कळवेपर्यंतचे नुकसान त्याचे, पण कळवल्यानंतरचे बँकेचे. म्हणून आपली चूक वाटत असली तरी लाजून गप्प बसू नये. ज्येष्ठांच्या बाबतीत हे फार होते: मुलांना काय सांगू, या विचारात दोन दिवस जातात आणि तेवढ्यात उरलेली ठेवही मोडली जाते. घरच्यांनीही त्या वेळी ‘तुम्ही दाबलेतच कशाला’ हा प्रश्न बाजूला ठेवावा.

पुराव्याचे काम अर्ध्या तासाचे आहे, आणि ते खाती सावरल्यावर लगेच करावे. विंडोजच्या सुरक्षा नोंदीची फाइल मूळ मांडणीत सुमारे २० एमबीची असते. ती भरली की जुन्या नोंदींवर नव्या लिहिल्या जातात, म्हणजे संगणक वापरत राहिलो तर पुरावा स्वतःहून झिजतो. इव्हेंट व्ह्यूअर उघडा, विंडोज लॉग्जमधले सिक्युरिटी आणि सिस्टिम हे दोन्ही ‘सेव्ह ऑल इव्हेंट्स अ‍ॅज’ने पेनड्राइव्हवर घ्या. त्यातले काही क्रमांक ओळखून ठेवण्यासारखे आहेत. ४६२४ म्हणजे यशस्वी प्रवेश; त्यात लॉगऑन टाइप १० असेल तर तो रिमोट डेस्कटॉपने, म्हणजे दुरून, झालेला. ४६२५ म्हणजे फसलेला प्रयत्न. ४७२० म्हणजे नवे खाते तयार झाले. सिस्टिममधला ७०४५ म्हणजे नवी सर्व्हिस (पडद्याआड चालणारा प्रोग्रॅम) बसवली गेली. आणि ११०२ म्हणजे सुरक्षा नोंद कोणीतरी पुसली. आपण पुसली नसेल तर ही एकच ओळ पुरेशी बोलकी आहे. एनीडेस्क वापरून कोणी आले असेल तर प्रोग्रॅमडेटा फोल्डरमधल्या एनीडेस्कच्या फोल्डरात ‘कनेक्शन ट्रेस’ नावाची मजकूर फाइल मिळू शकते. टीमव्ह्यूअरच्या फोल्डरात ‘कनेक्शन्स इनकमिंग’. त्यात आलेल्याचा आयडी आणि वेळ असते. प्रोग्रॅम आधीच अनइन्स्टॉल केला तर या फायलीही जाऊ शकतात, म्हणून आधी प्रत, मग काढणे.

तक्रार सायबरक्राइम डॉट जीओव्ही डॉट इन या पोर्टलवर करता येते, पैसे गेले नसतील तरीही. इंदूरमध्ये राज्य सायबर पोलिसांचे विभागीय कार्यालय आहे, आणि जवळच्या ठाण्यालाही ‘हे आमच्या हद्दीत नाही’ म्हणून परत पाठवता येत नाही: भारतीय नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम १७३ नुसार हद्द न पाहता माहिती नोंदवून घ्यायची असते. ऑनलाइन दिली तर तीन दिवसांत सही करावी लागते. अर्जात माहिती तंत्रज्ञान कायद्याची कलमे ६६, ६६सी आणि ६६डी यांचा उल्लेख करा, आणि घटनाक्रम वेळेनुसार एका पानात लिहा.

आता यंत्र. विंडोज सिक्युरिटीमधले ‘ऑफलाइन स्कॅन’ निवडा. संगणक पुन्हा सुरू होतो आणि विंडोज चढण्याआधी सुमारे १५ मिनिटे तपासणी होते, त्यामुळे लपून बसणाऱ्या प्रोग्रॅमला लपायला जागा कमी मिळते. त्याआधी ‘एक्सक्लूजन्स’ची (तपासणीतून वगळलेल्या गोष्टींची) यादी रिकामी करा. दुरुस्तीच्या दुकानांत चोरीची विंडोज चालवण्यासाठी ‘अ‍ॅक्टिव्हेटर’ टाकतात, त्यासाठी डिफेंडर (विंडोजचा स्वतःचा अँटीव्हायरस) बंद करतात आणि अख्खी सी ड्राइव्ह या यादीत घालून ठेवतात. मग अँटीव्हायरस असून नसल्यासारखा. ग्राहकाला हे कोणी सांगत नाही. ही पद्धत बंद व्हायला हवी, आणि ग्राहकानेही चारपाचशे रुपयांत ‘सगळे सॉफ्टवेअर’ घालून घेणे सोडायला हवे. टास्क शेड्यूलर (ठरल्या वेळी आपोआप चालणारी कामे), स्टार्टअपची यादी, युजर खाती आणि ब्राउझरची एक्स्टेन्शन्स याच बैठकीत पाहून घ्या. सरकारच्या सायबर स्वच्छता केंद्राच्या साइटवर बॉट (दुसऱ्याच्या हुकमाने चालणारे छुपे प्रोग्रॅम) काढण्याची साधने मोफत आहेत.

परका माणूस अ‍ॅडमिनिस्ट्रेटर म्हणून आत आला होता किंवा पासवर्डचोर सापडला, तर साफसफाईवर विसंबू नका, विंडोज नव्याने घाला. सगळ्यात चांगली पद्धत ही: जुनी डिस्क काढून चिठ्ठी लावून कपाटात ठेवायची आणि नवी २५६ जीबीची एसएसडी (वेगवान प्रकारची डिस्क) बसवायची. पुरावाही राहतो आणि संगणकही वेगवान होतो. किमान ८ जीबीच्या पेनड्राइव्हवर मायक्रोसॉफ्टचे मीडिया क्रिएशन टूल वापरून विंडोज घ्या, दुसऱ्या स्वच्छ संगणकावर. बिटलॉकर (विंडोजचे डिस्क कुलूपबंद करणारे साधन) चालू असेल तर डिस्क हलवण्याआधी त्याची ४८ अंकी रिकव्हरी की लिहून घ्या, नाहीतर आपलेच फोटो आपल्याला उघडणार नाहीत. जुन्या डिस्कवरून फक्त कागदपत्रे आणि फोटो आणा, प्रोग्रॅम नव्हे.

राउटरचे पान बहुधा १९२.१६८.१.१ वर उघडते. अ‍ॅडमिन पासवर्ड बदला, बाहेरून व्यवस्थापन, डब्ल्यूपीएस (बटण दाबून वाय-फाय जोडणे) आणि यूपीएनपी (यंत्रांनी स्वतःच बाहेरची वाट उघडणे) बंद करा, पोर्ट फॉरवर्डिंगमध्ये (बाहेरून आत येण्याच्या वाटांच्या यादीत) आपण न केलेली ओळ असेल तर काढा. डीएनएसचे (साइटच्या नावावरून तिचा पत्ता शोधून देणाऱ्या यंत्रणेचे) आकडे अनोळखी वाटले तर कंपनीला विचारा. ते बदललेले असले तर बँकेचा बरोबर पत्ता टाकूनही ब्राउझरला चुकीच्या ठिकाणी पाठवले जाऊ शकते. एक इशारा: फायबरच्या पेटीचे मागचे छोटे भोक टाचणीने दाबून रीसेट करू नका. काही जोडण्यांत कंपनीने घातलेले नाव-पासवर्ड त्यातून पुसले जाते आणि माणूस येईपर्यंत इंटरनेट बंद राहते, नेमके त्या दिवशी जेव्हा तक्रार करायची असते.

विंडोज १० चा नियमित आधार १४ ऑक्टोबर २०२५ ला संपला. नोंदणी केली तर घरच्या वापरकर्त्याला १३ ऑक्टोबर २०२६ पर्यंत सुरक्षा-सुधारणा मिळतात. २०१७ च्या मे महिन्यात वॉनाक्राय हे रॅन्समवेअर पसरले तेव्हा त्याने ज्या त्रुटीचा फायदा घेतला तिची दुरुस्ती मार्चमध्येच आलेली होती. ज्यांनी ती घातली नव्हती ते सापडले. ज्या जुन्या संगणकावर विंडोज ११ चढत नाही त्यावर विंडोजऐवजी लिनक्स मिंट ही मोफत प्रणाली घालता येते, ब्राउझर आणि मराठी टायपिंग दोन्ही नीट चालतात. तेही नको असेल तर तो संगणक पत्त्यांचे खेळ, गाणी आणि फोटोंसाठी ठेवा आणि बँकेचे काम अद्ययावत फोनवर न्या.

संपादक महोदय, आपल्याला विनंती एवढीच की फसवणुकीच्या प्रत्येक बातमीखाली १९३० हा क्रमांक आणि ‘आधी राउटर बंद, मग मोबाईलवरून ईमेलचा पासवर्ड बदला’ ही ओळ ठळक अक्षरांत छापावी.

आपला,
संगणक सुरक्षेच्या कामातील एक वाचक
राजेंद्र नगर, इंदूर